मात्राबाईंचा पेन ड्राइव्ह

माझी मामी छापखान्यात मुद्रितशोधक होती. पुस्तक लोकांच्या हातात पडण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. अडतीस वर्षं तिनं ते केलं आणि निवृत्त झाल्यावरही तिची खोड गेली नाही. औषधाच्या खोक्यावरची सूचना, जिन्यातली नोटीस, दुकानाची पाटी, कुठेही एखादी वेलांटी चुकलेली दिसली की तिचा हात पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे जायचा. पाटी उंचावर असली तर ती दुकानात शिरून मालकाला सांगायची. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात तिनं अकरा चुका काढल्या आणि खाली 'अक्षर बरं आहे' असा शेरा मारला. मी तणतणत घरी गेले होते. नोकरी मात्र मिळाली आणि ती अजून टिकून आहे.

मामाही त्याच छापखान्यात, त्याच टेबलाशी, तिच्या समोरच्या खुर्चीवर. तो वाचक. जुनी पद्धत अशी की एकानं लेखकाचा मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवून दोन्ही जुळतात का ते बघायचं. वाचायचं म्हणजे आपण वाचतो तसं नव्हे. 'नदी, दुसरी, किनारी, पहिली, दुसरी, स्वल्पविराम' असं, वेलांटी पहिली की दुसरी तेही सांगत, एकेक टिंब उच्चारत. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, ही त्यातली मेख. अर्थ कळला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, असं मामी सांगायची. मामा दिवसाला साठ-सत्तर पानं अशी वाचायचा. घरी आल्यावरही त्याच्या बोलण्यात अधूनमधून एखादा स्वल्पविराम यायचा.

तो उंच आणि सरळसोट, ती बुटकी. छापखान्यात त्यांना काना आणि मात्रा म्हणत. मामा एक नंबरचा हट्टी. त्याच्यापुढे मालकाचीसुद्धा मात्रा चालत नाही, चालते ती एकच, हा विनोद तिथल्या प्रत्येक नव्या माणसाला आपल्यालाच सुचला असं वाटायचं. मामीला ते नाव आवडलं असावं. फोन उचलून ती अजूनही 'मात्राबाई बोलतेय' म्हणते.

त्यांना मूलबाळ नाही. मी मामाच्या मोठ्या बहिणीची मुलगी, त्यामुळे लाड आणि ओरडा दोन्ही माझ्या एकटीच्या वाट्याला आले.

दोघं निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मामाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. पाय काठीच्या आधारानं उभा राहिला. डोकं शाबूत होतं, त्याला सगळं कळत होतं, वाचताही येत होतं. फक्त मनात असलेला शब्द ओठांपर्यंत येता येता वाटेत बदलायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सरावानं सुधारतं.

रुग्णालयातल्या पाचव्या दिवशी आम्ही सहासातजण त्याच्या खाटेभोवती जमलो होतो. मामाला चष्मा हवा होता. त्यानं नर्सकडे बघून म्हटलं, "चमचा." नर्सनं लगबगीनं त्याच्या हातात चमचा दिला. त्यानं चमच्याकडे बघितलं आणि मान हलवून पुन्हा म्हटलं, "चमचा." नर्सनं दुसरा, मोठा चमचा आणला. आम्ही हसलो. वाईट हेतूनं नाही, इतक्या दिवसांचा ताण होता, तो सुटला. पण हसणाऱ्यांत मी होते आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. मामानं दोन्ही चमचे पांघरुणावर ठेवले आणि तोंड मिटलं.

ते त्यानं पाच महिने उघडलं नाही. जेवायला आणि जांभई द्यायला, एवढंच. आयुष्यभर ज्यानं एक टिंब चुकू दिलं नाही, त्याच्या स्वतःच्याच तोंडातून चुका बाहेर पडायला लागल्या होत्या. मग त्यानं दारच लावून घेतलं. त्याच्या हट्टाची आम्ही इतकी वर्षं थट्टा केली, आता तोच हट्ट त्या घरात मुक्यानं बसून राहिला होता.

वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मामीला सांगितलं, "बोलणं परत येण्याचे दिवस सुरुवातीचेच असतात. आजोबांनी रोज अर्धा तास तोंड उघडलं पाहिजे. मी सरावाचा प्रोग्रॅम देते, घरच्या कॉम्प्युटरवर चालतो. चित्र येतं, शब्द येतो, तो म्हणायचा. कुणी बघत नसतं, कुणी हसत नसतं. पण पुढच्या महिन्यात याल तेव्हा एकही शब्द नसेल, तर माझी ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. बाहेर यादी मोठी आहे."

मामीकडे पुढच्या भेटीपर्यंत चार आठवडे होते.

घरी कॉम्प्युटर होता. छापखाना बंद झाला तेव्हा मामानं तिथला एक उचलून आणला होता. टेबलाखाली पेटीएवढा डबा आणि वर पडदा. त्यावर तो जुन्या पुस्तकांच्या याद्या करत बसायचा. बाईंचा प्रोग्रॅम त्यावर उघडेना. दुरुस्तीवाल्यानं येऊन सांगितलं, "मावशी, मशीन दणकट आहे, पण आतली सिस्टिम फार जुनी झालीय. एक हलकी, फुकटातली सिस्टिम मिळते. ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि त्यावरून मशीन चालू करून आत घालायची." त्याला स्वतःला वेळ नव्हता. त्यानं त्या सिस्टिमचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. मामीनं त्या चिठ्ठीतली चूक दुरुस्त केली आणि मला फोन लावला.

"तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना?"

मी एका रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीत बसते. नाव, वय, काय होतंय, पुढचे. एवढ्या भांडवलावर सगळ्या नातेवाइकांत मी तज्ज्ञ समजली जाते, आणि मीही तो समज मोडायला कधी गेले नाही. म्हटलं, "हो, सांग."

"बूटेबल पेन ड्राइव्ह म्हणजे काय? यात बुटाचा काय संबंध?"

"मशीन त्याच्यावरून उठतं, म्हणून."

"मग उठेबल म्हणा की."

पहिल्या आठवड्यात तिनं ती फाइल उतरवली आणि पेन ड्राइव्हवर नेऊन टाकली, आपण फोटो टाकतो तशी. मशीन ढिम्म. नेहमीसारखं जुन्याच सिस्टिमवर सुरू झालं. मी म्हटलं, "मामी, नुसती कॉपी नाही करायची गं."

"कॉपी म्हणजे मूळ. मूळ तर मी जसंच्या तसं ठेवलंय."

"तुमच्या छापखान्यात असेल. इथे ती फाइल उलगडून लिहावी लागते. सामानाचा ट्रक दाराशी आणून उभा केला म्हणजे घर लागत नाही. खोकी फोडून जिथल्या तिथे मांडावं लागतं. त्याला वेगळा छोटा प्रोग्रॅम आहे, सूचनांचा कागद पाठवते."

हे तिला पटलं. मीही हे आदल्याच दिवशी आमच्या ऑफिसातल्या एकाला विचारून शिकले होते, पण ते सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ड्राइव्ह नीट लिहिला गेला, तरी मशीन त्याच्याकडे ढुंकून बघेना. मी सांगितलं, चालू करता करता वरच्या ओळीतली एफ बारा ही कळ दाब, मग ते विचारतं, कशावरून उठू. मामीनं दाबली. काही नाही.

"एकदाच दाबलीस का?"

"मग कितीदा दाबायची?"

"दार उघडेपर्यंत वाजवतो तशी."

"शेजाऱ्यांचं दार की आपलं?"

"आपलं, आणि आत आंघोळ चाललीय असं समज."

फोनवरून मला टकटकटक असा आवाज ऐकू आला आणि मग मामीचा हर्षानं चिरकलेला आवाज, "विचारतंय गं, विचारतंय!" तिनं पेन ड्राइव्ह निवडला. पडदा काळा झाला. त्यावर पांढरी, बारीक, इंग्रजी एक ओळ उमटली आणि तिथेच सगळं थांबलं.

"काय लिहिलंय?"

"अक्षरं मुंगीएवढी आहेत. काहीतरी सापडत नाही म्हणतंय." मामीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. कागदावरचं ती भिंगानं वाचायची, नेहमीच्या पडद्यावरची अक्षरं मामानं पूर्वीच मोठी करून ठेवली होती, पण या काळ्या पडद्यावर तिचं काही चालेना.

मी म्हटलं, ड्राइव्ह पुन्हा लिही. तिनं लिहिला. तीच ओळ. मागच्या बाजूला लावून बघ म्हटलं, तिनं टेबलाखाली वाकून लावला. तीच ओळ. चार वेळा तिनं तो पुसला आणि लिहिला. माझ्या खिडकीसमोर रांग लागलेली असायची आणि मामीचा फोन यायचा. शेवटी माझा पारा चढला.

"मामी, सूचना नीट वाचल्यास का? का आपल्या मनानं काही केलंस?"

"वाचल्या? अगं, तपासल्यासुद्धा! नऊ चुका होत्या त्यात."

मी फोन ठेवला. रागात माणसाला ऐकू येतं, पण समजत नाही. नाहीतर ते उत्तर तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी मला सुट्टी होती. दुपारी मी नवा कोरा पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे गेले. मामा कॉम्प्युटरच्या टेबलालगतच्या खिडकीशी खुर्चीत बसला होता, पाठ ताठ, डोळ्यांवर चष्मा, दाढी केलेली, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मामी त्याला रोज असाच तयार करायची. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी उगाचच मोठ्या आवाजात हवापाण्याचं बोलत राहिले. त्या घरात आता सगळेच मोठ्यानं बोलायचे, मामाला उत्तम ऐकू येत असताना.

नव्या ड्राइव्हवरही तीच गत. मामीनं माझ्यासमोर, एकेक पायरीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत सगळं केलं. ड्राइव्ह लिहून होईपर्यंत मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले होते, तेवढ्या दोन मिनिटांत तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही. परत आले, मशीन बंद करून चालू केलं, कळ वाजवली. काळा पडदा, पांढरी ओळ.

"बस झालं," मी म्हटलं. "माझा लॅपटॉप आणून देते."

"आणशील आणि सोमवारी तुला लागेल म्हणून घेऊन जाशील. यांना रोज हवाय." मामी खुर्चीत बसली. पहिल्यांदाच ती मला थकलेली दिसली. हळू आवाजात म्हणाली, "आता एकच आठवडा उरलाय गं. त्या बाईंनी वेळ काढून घेतली तर मी यांना कुठे नेऊ? मला यांचा आवाज आठवेनासा झालाय. काल दुपारभर आठवत बसले. शब्द आठवतात, आवाज येत नाही."

मामा खिडकीबाहेर बघत होता. त्यानं ऐकलं होतं, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

मामीनं डोळे पुसले, पदराला नाक पुसलं आणि कागद पुढे ओढला. "चल. रडून ड्राइव्ह उठत नाही. तपासून बघू. तू पडद्यावरचं वाच, मी कागदावर बघते."

मी वाचलं, "लाइट व्हर्जन सापडत नाही."

मामीनं भिंग सरकवलं. "लाइट व्हर्जन. बरोबर आहे."

टक, टक.

मामानं पडद्याकडे वळून डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी खुर्चीच्या दांडीवर दोनदा वाजवलं होतं. मी दचकले. मामी तर जागच्या जागी थिजली. छापखान्यात तपासणाऱ्याला चूक दिसली की तो टेबलावर असं दोनदा वाजवायचा, आणि वाचणारा थांबायचा. वाजवायचं काम मामीचं होतं. इतक्या वर्षांत मामानं ते कधी केलं नव्हतं.

"काय झालं मामा?" मी विचारलं. त्यानं डावा हात पडद्याकडे केला. मी एकेका शब्दावर बोट ठेवलं. लाइट? नाही. व्हर्जन? त्यानं मान अर्धी हो, अर्धी नाही अशी हलवली. मी पेन्सिल त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं कागदावर काहीतरी ओढलं, ते अक्षर झालं नाही, त्यानं पुन्हा ओढलं आणि पेन्सिल टाकून दिली.

"असू दे मामा," मी म्हटलं. "काही हरकत नाही. छान प्रयत्न केलास."

"तू गप्प बस," मामी म्हणाली.

तिनं खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली. कागद मांडीवर, भिंग डाव्या हातात, लाल पेन्सिल उजव्या हातात. मामाकडे तिनं बघितलंच नाही. नजर खाली, कागदावर.

"वाचा," ती म्हणाली.

मग मामानं घसा साफ केला.

"एल," मामा म्हणाला.

आवाज खरखरीत होता, न वापरलेल्या बिजागरीसारखा. मी काही बोलणार होते, पण मामीनं न बघताच पेन्सिल वर करून मला थांबवलं.

"आय," मामा म्हणाला. "जी." आणि मग म्हणाला, "एम."

चुकलं होतं. तिथे एच होता. त्याचं त्यालाही कळलं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, ओठ घट्ट मिटले आणि मला वाटलं, झालं, आता हे दार कायमचं बंद. मी फरशीकडे बघायला लागले.

मामी कागदावरून नजर न हलवता म्हणाली, "परत."

एवढंच. आवाजात दया नाही, राग नाही, कौतुकही नाही. मला नंतर तिनं सांगितलं, छापखान्यात वाचणारा अडखळला की तपासणारा 'परत' म्हणतो आणि वाचणारा ओळ पहिल्यापासून धरतो. दिवसातून तीस वेळा होतं. त्यात कुणाला काही वाटत नाही. आम्ही पाच महिने त्या माणसाला शाब्बास म्हणत होतो, असू दे म्हणत होतो, टाळ्या वाजवत होतो, पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराला म्हणावं तसं. 'परत' कुणी म्हटलं नव्हतं. मामीनंही नाही. ती बायको म्हणून त्याच्याजवळ बसली होती, टेबलासमोरची तपासणारी म्हणून नव्हे.

मामानं श्वास घेतला आणि ओळ पहिल्यापासून धरली.

"एल. आय. जी. एच. टी."

"हं."

"व्ही. ई. आर. एस. आय." जरा थांबून, "ओ."

"पुढे."

मामानं पडद्याकडे पुन्हा निरखून बघितलं.

"पुढे वाचा. एन."

"नाही," मामा म्हणाला. मग खुर्चीची दांडी घट्ट धरून, सगळा जोर लावून, "एन... नाही."

मी पडद्याजवळ जाऊन नाक लावून बघितलं. खरंच नव्हता. 'व्हर्जन' या शब्दातला शेवटचा एन पडद्यावर नव्हताच. मी दहा वेळा ती ओळ वाचली होती आणि दहाही वेळा तो माझ्या मनातून घातला होता.

मामीनं भिंग कागदावर आणलं. कागदावर, छापलेल्या ओळीत, ड्राइव्हचं नाव काय दिसेल ते दिलं होतं. तिथेही एन नव्हता. होता तो लाल पेन्सिलीनं घातलेला, वर टोपीसारखं छान चिन्ह काढून, समासात खूण करून.

"अगं बाई," मामी म्हणाली. "तो एन माझा आहे."

मग सगळं बाहेर आलं. ड्राइव्ह लिहून झाला की पडद्यावर त्याचं नाव यायचं, ते दोन्ही शब्द जोडलेले आणि नेमकं शेवटचं अक्षर तुटलेलं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, छापणाऱ्याची चूक. प्रत्येक वेळी ती नाव दुरुस्त करायला जायची. मशीन बारावं अक्षर घेत नसे, अकराच घ्यायचं. मग आधीचा 'लाइट' काढून ती नुसतं 'व्हर्जन' ठेवायची. निदान शब्द तरी पूर्ण हवा. ताटात वाढण्याआधी आपण वाटीची कड पुसतो, तसं ते तिच्या हातून होऊन जायचं, म्हणून मला सांगावं असंही तिला कधी वाटलं नाही. आणि ते बिचारं मशीन, त्या तुटक्या नावाचा ड्राइव्ह शोधत, रोज काळ्या पडद्यावर येऊन सांगत होतं की सापडत नाही.

"म्हणजे ती चूक होती म्हणूनच ते चालणार होतं?" मामीनं मला विचारलं.

"हो. त्यांनी नाव तसंच ठरवलंय. आहे तसंच राहू द्यायचं."

मामी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ती काय करतेय ते तिचं तिलाही कळेना. मामाकडे बघून म्हणाली, "अहो, माझी चूक काढलीत तुम्ही. अडतीस वर्षांत पहिली!"

"दुसरी," मामा म्हणाला.

तो शब्द अचूक आला. पहिली कोणती, हे मात्र दोघांपैकी एकानंही मला आजवर सांगितलेलं नाही.

मशीन पुन्हा जुन्या सिस्टिमवर आणून मामीनं स्वतःच्या हातानं ते चुकीचं नाव टाइप केलं. शेवटच्या 'ओ'पाशी तिचं बोट एनवर जाऊन घुटमळलं. तिनं हात उचलून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाली, "आता तूच दाब पुढचं. माझा भरवसा नाही." यावेळी काळ्या पडद्यावर ती ओळ आली नाही. निळा रंग आला, एक चित्र आलं आणि सिस्टिम आत उतरायला लागली. किती झालं त्याचे आकडे कोपऱ्यात सरकत होते. मामानं खुर्ची जवळ ओढायला लावली आणि ते वाचायला लागला. सतरा, अठरा, बावीस. मामी कपबशा विसळायला आत गेली होती. तिथूनही तिला कळायचं. नळ चालू असताना तिचा आवाज यायचा, "परत."

शंभरापर्यंत दीड तास लागला. मामा दमून खुर्चीतच झोपला. मी त्याच्या पायांवर चादर टाकली. त्या चमच्याबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं, पण झोपलेल्या माणसाशी बोलून काय उपयोग, असं स्वतःला सांगून मी घरी आले. खरं तर जागा असता तरी मला धीर झाला नसता.

पुढच्या भेटीत वाचा-उपचाराच्या बाईंनी वेळ काढून घेतली नाही. मामानं त्यांच्या टेबलावरचा, त्यांचाच माहितीचा कागद उचलून वाचायला घेतला, अक्षर अक्षर, चुकत, आणि मामी बाजूला बसून 'परत' म्हणत होती. बाई म्हणे बघत राहिल्या आणि मग त्यांनी आठवड्याला दोन वेळा लिहून दिल्या. मामीनं त्या कागदातल्या तीन चुका त्यांना निघताना सांगितल्याच.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मी खिडकीत होते. समोर रांग. एका म्हातारबाबांचं वय लिहून घेत होते तेवढ्यात फोन थरथरला. मामीचा नंबर. मी उचलून म्हटलं, "मामी, नंतर करते."

पलीकडे मात्राबाई बोलल्या नाहीत. नुसता श्वास ऐकू आला, मग घसा साफ केल्याचा आवाज.

"ताई," मामा म्हणाला.

ताई म्हणजे माझी आई, त्याची मोठी बहीण. त्याला मला हाक मारायची होती. चुकीचं नाव आलं, हे त्याला त्याच क्षणी कळलं, कारण श्वास थांबला. मी फोन कानाशी घट्ट धरला. आता तो फोन ठेवून देईल, असं मला वाटलं, आणि तसं झालं तर तो पुन्हा मला कधीही फोन करणार नाही, हेही. समोरचे म्हातारबाबा वय सांगून थांबले होते.

"परत," मामा स्वतःशीच म्हणाला. मग पुन्हा, "ताई."

मामी त्याच्या शेजारीच उभी असणार. तिला ती चूक ऐकू आली नाही, असं होणंच शक्य नव्हतं. तिच्याकडून चकार शब्द आला नाही. मामानं जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं, आणि ते नाव तसंच ठेवून पुढचं वाक्य धरलं.

"रविवारी. ये. जेवायला." जरासा थांबून, "वाट... बघतो."

खिडकीपलीकडे रांग होती, म्हणून मी मान खाली घातली.

"येते रे," मी म्हटलं.